क्षारिणीला फुगा नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सकाळच्या चहाला भेटणाऱ्या मित्रांना नाही, आणि देवाला सांगावं एवढी आमची सलगी कधी झाली नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा ओळखत असाल तर चुकीचं ओळखता, आणि त्या चुकीचा मला आताशा फार वैताग येतो. चूक तुमची नाही, मीच ती पसरवली. तरी वैताग येतो.

नव्वदीच्या दशकात तुमच्या घरात शाळकरी मूल असेल, किंवा तुम्हीच ते मूल असाल, तर 'उल्कावीर' तुमच्या हातातून गेला असणार. महिन्याला एक अंक. पिवळट कागद, आतली पानं काळी-पांढरी, मुखपृष्ठ तेवढं रंगीत, मागे कंपासपेटीची जाहिरात. गरीब घरचा एक पोरगा लोणारच्या सरोवरात बुडतो, तळाशी उल्केचा तुकडा त्याच्या हाताला लागतो आणि तो उडायला लागतो — एवढ्या भांडवलावर आम्ही कित्येक वर्षं काढली. टीव्हीवर परदेशी वाहिन्या नुकत्याच घुसल्या होत्या. तिथले उडणारे गोरे वीर पोरांना रोज दिसायला लागले होते, आणि आपलाही एखादा असावा असं आईबापांना वाटत होतं. मुखपृष्ठावर लिहिलेलं असायचं, 'कथा आणि चित्रे : अविनाश'. तो अविनाश मी. आडनाव राहू द्या. नारायण पेठेत त्या आडनावाची घरं हवी तेवढी मिळतील.

उल्कावीर आठवत असेल तर क्षारिणीही आठवत असेल. अंकामागून अंक तो तिचाच तर पाठलाग करायचा. त्याची एकेकाळची प्रेयसी. ज्या मुलीने त्याला बुडताना पाण्यातून ओढून काढलं, तिनेच पुढे गोड बोलून त्याच्या छातीवरचा उल्कामणी काढून घेतला आणि शत्रूला नेऊन दिला. तेव्हापासून ती पुढे आणि तो मागे. सह्याद्रीत, समुद्राखाली, एकदा तर चंद्रावर. लांब वेणी, डाव्या भुवईवर बारीक व्रण, ओठ कायम मिटलेले. मुलं पत्रं पाठवायची — उल्कावीर, तिला सोडू नकोस, तिला खाऱ्या पाण्यात बुडव. मी ती पत्रं वाचायचो आणि मला बरं वाटायचं. हेही सांगूनच टाकतो. खरंच बरं वाटायचं.

ही बाई सुचली कशी, असं मोठी माणसं विचारायची. मी जरा थांबायचो, खिडकीबाहेर बघायचो — हे सगळं मला छान जमायचं — आणि म्हणायचो, होती एक. कॉम्प्युटरच्या नादाने गेली. कलेला सोडून गेली, मला सोडून गेली. एवढ्यावर ऐकणारा माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. पुण्यात कोणी उगाच कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे बघा, मी किती मन लावून सांगत असेन.

पण मला सांगायचंय ते हे नाही. म्हणजे हेच — पण इथून नाही. कुठून सुरुवात केली की थांबता येणार नाही, ते शोधतोय.

हिंजवडीपासून करतो.

मध्यंतरी केदार नावाच्या एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे चांगला बाप्या माणूस, तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत साहेब आहे. उल्कावीर वाचत लहानाचा मोठा झाला. त्याच्यासारख्यांचा एक ग्रुप आहे म्हणे. जुने अंक जमवतात, फोटो काढून एकमेकांना पाठवतात. कंपनीत मराठी दिन साजरा करायचा होता आणि त्यांना माझा सत्कार करायचा होता. 'सर, आमचं चाइल्डहूड तुम्ही घडवलंत,' असं तो म्हणाला. मी हो म्हणालो. नाही का म्हणालो नाही? — कौतुक कोणाला नको असतं?

गाडी पाठवली होती. वाकडच्या पुलाखाली ती इतका वेळ उभी राहिली की ड्रायव्हरच्या दोन्ही मुलींच्या शाळा, फी आणि मार्क माझे विचारून झाले. आजूबाजूला कंपन्यांच्या बसगाड्या, आत मान टाकून झोपलेली पोरं. माझी नुसती चिडचिड होत होती. पुढे सभागृहात शिरलो तर थंडगार हवा, शाल, श्रीफळ आणि शेदोनशे माणसं एका सुरात ओरडली, 'दुष्टा, थांब!' उल्कावीराचं हे वाक्य. प्रत्येक अंकात एकदा तरी असायचंच. केस विरळ झालेले लोक ते ओरडत होते. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण ते वाक्य कसं जन्माला आलं हे त्या सभागृहात एकट्या मला माहीत होतं.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा. आधी नीट पुणेरी मराठी जुळवत बोलली, मग ते सुटलं. म्हणाली, "सर, मी मेहकरची. आमच्या लोणारच्या पाण्यात मासा नाही राहत. पहिल्या अंकात तुम्ही बरोबर काढलं होतं, नुसतं हिरवं पाणी आणि काठावर पांढरा खार. मग पुढच्या अंकांत मासे अन् कमळं कुठून आली? आणि क्षारिणीला एकही फुगा का नाही?"

फुगा म्हणजे काय ते सांगायला हवं. चित्रकथेतलं पात्र बोलतं ते त्याच्या तोंडाजवळच्या गोलात लिहिलेलं असतं. त्या गोलाला आमच्या धंद्यात फुगा म्हणतात. आणि त्यात हाताने अक्षरं लिहिण्याला फुगे भरणं. उल्कावीर बोलायचा, त्याचे शत्रू बोलायचे, चंद्रावरचे राक्षससुद्धा शुद्ध मराठीत बोलायचे. क्षारिणी मात्र इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नाही. इतक्या वाचकांपैकी हे विचारणारी ही पहिलीच.

मी काय उत्तर दिलं? मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, "अहो, बाईला एकदा बोलायला दिलं असतं तर अंक संपला असता का?" सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. ती मुलगी हसली नाही. थँक्यू म्हणाली आणि खाली बसली. माशांचं उत्तर मी दिलंच नाही, आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. रेवती.

रेवती मेहकरकडची. वडील एसटीत कंडक्टर. चित्रकलेच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती, कर्वे रोडला एका बाईंकडे खोली घेऊन राहायची. तिचं बोलणं तिकडचं. मी येऊन राहिली, मी चहा पिऊन राहिली. आम्ही पुण्याची मुलं त्यावर काय काय बोलायचो! कोणी विचारायचं, राहिलीस तर भाडं किती भरतेस? मीही हसायचो. आधी हसलो, मग प्रेमात पडलो, आणि प्रेमात पडल्यावरही हसायचं सोडलं नाही. डाव्या भुवईवर तिला लहानपणी पडल्याचा व्रण होता. चहात खारी बुडवून खायची, अर्धी कायम कपातच पडायची. त्यावरून आणि त्या खाऱ्या सरोवरावरून मी तिला 'खारी' म्हणायचो. हे नाव आम्हा दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. आता खारीचं संस्कृत करून बघा, काय येतं ते.

आणि उल्कावीर तिचा होता.

घ्या. सांगितलं. — पण हे तर फक्त अर्धं आहे.

लोणार मी कधी पाहिलेलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. नगरच्या पुढे माझा कोणी नातेवाईक नाही. नदीपात्रातल्या रस्त्याच्या कडेला बसून तिने मला ते सरोवर सांगितलं. तारा पडल्यावर झालेला खड्डा, साबणासारखं बुळबुळीत पाणी, त्यात मासा नाही, कमळ नाही, उतरताना लागणारी दाट झाडी. लहानपणापासून तिच्या डोक्यात होतं की तळाशी अजून तो तारा आहे आणि ज्याच्या हाताला लागेल त्याला पंख फुटतील. नाव तिने ठेवलं, त्याला पाण्यातून ओढून काढणारी मुलगी तिने घातली, पहिल्या अंकाची गोष्ट तिने पानापानाने बांधली. मी काय केलं? मी चित्रं काढली. बरी काढली. दंडाचे स्नायू माझ्याइतके चांगले वर्गात कोणाला येत नसत. फुगेही तिनेच भरले. तिच्या अक्षराला एक छान गोलाई होती, 'ल' तर असा यायचा की बघत राहावं.

भांडण फक्त एका गोष्टीवरून झालं. उल्कावीर चोराला पहिल्यांदा पकडतो तेव्हा तिने त्याच्या फुग्यात लिहिलं होतं, 'काय करून राहिला बे?' मी म्हणालो, हे कोणी छापणार नाही, पुण्यात नायक असं बोलत नाही. लोणारचा माणूस पुण्याचं कशाला बोलेल, असं तिचं म्हणणं. मी ऐकेना. शेवटी माझ्या हट्टापायी तिने स्वतःच्या हाताने तो फुगा बदलला आणि लिहिलं, 'दुष्टा, थांब!' लिहिता लिहिता पोट धरून हसत होती. मला मात्र ते वाक्य मनापासून आवडलं होतं.

तिच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत पुण्यात काही जमलं तर राहा, नाहीतर घरी ये, स्थळं बघून ठेवली आहेत. तिचं सगळं त्या पानांवर होतं. माझं? माझी आई होती, नारायण पेठेतलं घर होतं, लग्नपत्रिका आणि दिनदर्शिकांची किरकोळ कामं होती. पानं नाकारली गेली असती तर माझं काही बिघडणार नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच सांगतोय.

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे प्रकाशक बसायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ठरलं होतं की दोघांनी जायचं. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, मी एकटाच दाखवून येतो, दोघं गेलो तर उगाच गर्दी दिसते. ती बरं म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

इथे मी वर्षानुवर्षं स्वतःलाही एक गोष्ट सांगत आलोय. भाऊंनी पानं पाहिली, खूश झाले, विचारलं, कल्पना कोणाची? — आणि भरात माझ्या तोंडून 'माझी' निघून गेलं. तरुण वय, पहिलंच काम, जीभ घसरली. किती सोयीची गोष्ट आहे ना? माणसाची जीभ घसरू शकते. पण पहिल्या पानाच्या तळाशी तिने तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलं होतं — 'कथा आणि अक्षरे : रेवती, चित्रे : अविनाश'. आणि त्या दिवशी सकाळी, घरी, आई देवपूजा करत असताना, मी पांढरा पोस्टर कलर घेतला आणि तिच्या नावावर लावला. चूक झाली की आम्ही पांढरा लावतो, वाळला की वरून पुन्हा काढतो. एक हात दिला. शाई खालून दिसत होती म्हणून दुसरा दिला. मग पान गॅलरीत उन्हाकडे धरून बघितलं, दिसतंय का. दिसत नव्हतं. जीभ घसरणारा माणूस पान उन्हाकडे धरून बघतो का?

भाऊंनी तिथल्या तिथे पानं घेतली. मी जिना उतरलो, रेवती ठरल्याप्रमाणे कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात थांबली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं, नाही म्हणाले.

कोणतं पान आवडलं नाही, असं तिने विचारलं. तिला ते पुन्हा लिहायचं होतं. आणि मी — हे मला लिहवत नाहीये — मी म्हणालो, चित्रं चांगली आहेत म्हणाले, कथा कच्ची वाटली. तिने मान हलवली. खारी कपात पडली होती, ती चमच्याने काढत राहिली.

का केलं? असूया, भीती, लोभ, काय हवं ते नाव द्या. घरी आईने तिचं बोलणं ऐकून एकदा नाक मुरडलं होतं, तेही कुठेतरी असेल. मला वाटतं, ती माझ्यापेक्षा सरस आहे हे मला कळलं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला कळायला नको होतं. यातलं एकही कारण मी सबब म्हणून पुढे करत नाही. कारणं होती एवढंच.

तिने लिहिणं सोडलं. पुण्यात टिकून राहायचं म्हणून एका कॉम्प्युटर क्लासात चिकटली. तेव्हा गल्लोगल्ली ते क्लास निघत होते, बाहेर बूट काढून आत जावं लागायचं. दिवसभर पत्रिका टाइप करायची. कॉम्प्युटरच्या नादाने गेली, असं मी लोकांना सांगायचो ना? तो नाद हा. तिला त्या खुर्चीत बसवलं मीच. त्या दिवसांतही मी तिला भेटत होतो. चहा पीत होतो. अंक छापखान्यात गेला होता आणि मी तिला खारी म्हणत होतो. तो दुकानांत टांगला जाईल, तिला दिसेल, हे मला सुचलं नसेल का? सुचलं होतं. तरी मी रोज उद्यावर ढकलत होतो.

तिला तो दिसला. ती तडक भाऊंकडे आली. मी दुसऱ्या अंकाची पानं घेऊन तिथेच बसलो होतो. तिने अंक टेबलावर ठेवला, उघडला आणि म्हणाली, हे अक्षर माझं आहे. एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो, बरोबर आहे. ह्या फक्त फुगे भरायच्या."

ह्या. भरायच्या. इतके दिवस अगं-तुगं केलेल्या मुलीला मी आदरार्थी केलं. मराठीत माणसाला परकं करायला शिवी लागत नाही, एवढं पुरतं. तिला ते कळलं, तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. भाऊ सज्जन माणूस होते. त्यांना वाटलं, हाताखालची कोणी मुलगी नाव छापून आलं नाही म्हणून हिरमुसली आहे. ते तिला म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो बाई आपलं."

ती वळली आणि जिना उतरू लागली. मी मागे गेलो. का गेलो, देव जाणे. चार पायऱ्या खाली जाऊन ती थांबली, माझ्याकडे वर पाहिलं आणि एक वाक्य बोलली. एकच. ते वाक्य शेवटी सांगतो, आत्ता धीर होत नाही. ती गेली. दिवाळीच्या आधीच पुणं सोडून गेली, असं खोलीवाल्या बाईंनी पुढे सांगितलं. कोणी म्हणालं खामगावला दिली, कोणी म्हणालं बेंगळुरूला नोकरीत आहे. मी खात्री करून घेतली नाही.

आणि मग क्षारिणी आली. तिच्या गोष्टीतली चांगली मुलगी मी उचलली, तिला व्रण दिला, वेणी दिली आणि चोर केलं. उल्कामणी कोणी चोरला होता, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. उल्कावीर तिच्यामागे चंद्रावर गेला. मी मेहकरला एक पोस्टकार्ड टाकलं नाही. शिवाजीनगरहून तिकडे एसटी जाते. समोर फलाटावर उभी असायची, मी बाजूने चालत जायचो.

फुगा का दिला नाही? भाऊंनीही एकदा विचारलं होतं, अविनाशराव, तुमची ही बाई मुकी आहे का? मी म्हणालो, गूढ वाटतं. खरं म्हणजे, मी दोन-तीनदा प्रयत्न केला होता. फुगा काढायचा, बोरू उचलायचा, आणि तिच्या तोंडी काहीही घालायला गेलं की जिन्यावरचं ते वाक्यच यायचं. दुसरं काही यायचंच नाही. मग मी फुग्यावर पांढरा लावायचो. त्यात मला आता चांगला सराव होता. रेवती गेल्यावर बाकीच्यांचे फुगे मीच भरायचो, अक्षर गिचमिड यायचं. पुढे भाऊंनी कॉम्प्युटरवर करून घ्यायला सुरुवात केली. पोरं कॉम्प्युटरवर खेळायला लागली तसा उल्कावीर बंद पडला. शेवटपर्यंत ती त्याच्या हाती लागलीच नाही.

सत्कारानंतर केदार घरी यायला लागला. सगळे अंक एकत्र करून जाड पुस्तक काढायचं त्याने मनावर घेतलं. स्वतःच्या पदरचे पैसे घालणार होता. फक्त एक म्हणाला, शेवट पाहिजे. लोकांना क्लोजर पाहिजे, सर. उल्कावीराने क्षारिणीला गाठलं पाहिजे.

मी बसलो काढायला. हात पूर्वीसारखा चालत नाही, दंडाचे स्नायू आता दोरखंडासारखे येतात. लोणारचा काठ काढला. पाण्यात मासे काढले नाहीत. उल्कावीर उतरतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो, ती वळते. शेवटच्या चौकटीत नुसता तिचा चेहरा. आणि तिच्या ओठांजवळ मी फुगा काढला, आणि त्यात ते वाक्य लिहिलं. जसं ती बोलली होती तसंच, तिच्या बोलीत, फक्त माझं नाव गाळून. आणि काय सांगू, मला एकदम मोकळं वाटलं! वाटलं, कुठेतरी तिच्या हाती हे पुस्तक पडेल, ती शेवटचं पान उघडेल आणि तिला कळेल. एवढ्यावर मी स्वतःला माफ करायला निघालो होतो. पानं देताना केदारला सगळं सांगायचंही ठरवलं होतं. तो घाईत होता. मी सांगितलं नाही.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, सर, शेवट वाचून काटा आला अंगावर, पण लास्ट फुग्यात व्याकरणाची मिस्टेक दिसतेय. टीममध्ये एक प्रूफ बघणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी मार्क केलंय. 'काय करत होते' असं पाहिजे ना? तो गुणी मुलगा आहे. त्याने स्वतःच विचारलं, "की कोणाचं ओरिजिनल वाक्य आहे, सर? असेल तर तसंच ठेवू आपण. त्यांचं नावही टाकू."

दार याहून किती उघडं असतं? समोर भाऊ नव्हते, आई नव्हती, भूक नव्हती, तरुण वय नव्हतं. हातात फोन होता आणि एक नाव उच्चारायचं होतं. तीन अक्षरांचं.

मी म्हणालो, "छे हो, कोणाचं नाही. हात चुकला असेल माझा. करून घ्या शुद्ध."

पुस्तक आलं आहे. जाड कागद, सुरेख बांधणी, मुखपृष्ठावर माझं नाव पूर्वीपेक्षा मोठं. हे लिहिताना समोरच आहे. शेवटचं पान उघडलं की क्षारिणीचा एकुलता एक फुगा दिसतो, कॉम्प्युटरच्या सारख्या अक्षरांत, एकही चूक नसलेला. 'मग मी इतके दिवस काय करत होते?'

हे तिचं वाक्य नाही. त्या दिवशी जिन्यावर, चार पायऱ्या खाली उभं राहून, रेवती म्हणाली होती —

"मग मी इतके दिवस काय करून राहिली होती, अवि?"